काकूंचं बर्फघर

मी आयुष्यात एकदाच इतिहासाला हात लावला, आणि तो जवळजवळ वितळवला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर माझी बायको मीनल सांगेल, आणि तिनं सांगितलं की ते जास्त रंगतं.

आम्ही तेव्हा शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो. एका लाँग वीकेंडला मी मोठ्या ऐटीत विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी 'लेक व्ह्यू कॉटेज' बुक केलं. पोचल्यावर मीनलनं एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. प्रत्येक खिडकीतून शेजाऱ्याचं गराज दिसत होतं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला फोन करावा लागतो. मी मालकिणीला फोन लावला आणि माझ्याकडच्या सगळ्यांत कडक इंग्रजीत विचारलं, की जाहिरातीतलं तळं कुठे आहे?

पलीकडून मराठीत उत्तर आलं. "आडनाव वाचलं होतं बुकिंगमध्ये. बाथरूममध्ये स्टूल आहे. त्यावर उभा राहा आणि डावीकडे मान कर."

मी उभा राहिलो. खरंच दिसलं. रुमालाएवढं.

"दिसलं?"

"दिसलं."

"मग जाहिरात खोटी नाही. उद्या सकाळी जुन्या स्टेशनाजवळ ये. तळं नुसतं बघून काय करणार? समजून घे."

या काकू. गावातले गोरे लोकही त्यांना काकूच म्हणत. त्यांना ते त्यांचं नाव वाटे. पोस्टमन, पाद्री, गळाला लावायचे किडे विकणारा, सगळे "मॉर्निंग, काकू!" करत जात. मी एकदा विचारलं, की त्यांना खरं नाव का नाही सांगत? "माझं खरं नाव घेताना यांची दाढ दुखते. आणि एवढे पुतणे आपणहून मिळतायत, तर कशाला नाही म्हणू?"

काकूंचे यजमान त्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर होते. ते गेल्यावर मुलानं आईला आपल्याकडे, दूर दक्षिणेत अल्फारेटाला नेलं. काकू थोडे दिवस राहिल्या आणि बॅग घेऊन परत आल्या. "तिथे सगळंच नवीन रे. घरं नवीन, झाडं नवीन, देऊळसुद्धा नवीन. मी चौकशी करू तरी कुणाची?" काकू मूळच्या नाशिकच्या. लहानपणी त्यांना आळीतल्या प्रत्येक घराची सात पिढ्यांची भानगड पाठ असणार. आपल्याकडे या गुणाला भोचकपणा म्हणतात. अमेरिकेत त्याला हिस्टॉरिकल सोसायटी म्हणतात. जुन्या रेल्वे स्टेशनातल्या एका खोलीत ती सोसायटी होती आणि काकू तिच्या अध्यक्ष, चिटणीस आणि झाडूवाल्या होत्या.

दर शनिवारी त्या गावाची फेरी काढत. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर मासे पकडणाऱ्यांचं खिसेच खिसे असलेलं जाकीट, पायात गमबूट आणि हातात स्टीलचं उलथणं. वस्तू दाखवायला काठीपेक्षा उलथणं बरं, असं त्यांचं मत होतं. उन्हात चमकतं, मागच्या माणसालाही दिसतं. एका पर्यटकानं उलथण्याचाच फोटो काढला आणि अदबीनं विचारलं, की ही वस्तू कुठल्या काळातली? "माझ्या लग्नातली," काकू म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

फेरी हॉटेलांपासून कधीच सुरू होत नसे. "गावाचा इतिहास हॉटेलापासून सांगणं म्हणजे लग्नाचा अल्बम पंगतीपासून उघडणं." आधी या काठावर मासे वाळवणारी, पाण्यातला रानभात झोडपणारी मूळची माणसं, आणि त्यांना इथून कसं हुसकावलं ते. ते झाल्याशिवाय काकू कुणाला सावलीतही उभं राहू देत नसत. मग लाकूडतोडे. मग रेल्वे. मग शिकागोचे शेठ.

"आपल्याकडे साहेबलोक माथेरानला जायचे ना, तसे हे इथे हवा खायला. बायकामुलं उन्हाळाभर इथे, नवरे शनिवारच्या गाडीनं यायचे. गाडी आली की स्टेशनावर बँड वाजायचा. आता मला सांगा, नवऱ्यांसाठी बँड कशाला?"

आणि उत्तर येईपर्यंत काकू हलत नसत. एक अख्खा ग्रुप या प्रश्नावर पावसात भिजत उभा राहिलेला मी पाहिला आहे. पहिल्या फेरीत मी उत्साहानं हात वर केला आणि म्हणालो, "स्वागताला."

"नवऱ्यांच्या?" काकूंनी माझ्याकडे, मग मीनलकडे पाहिलं. "तुझं लग्न होऊन किती दिवस झाले? अरे, नवरे आलेत हे लांब व्हरांड्यात बसलेल्यांना ऐकू जावं, आणि ज्यांना ज्यांना उठून जायचंय त्यांनी उठून जावं, म्हणून बँड!"

मीनल त्या दिवशी काकूंची झाली ती कायमची. आम्ही मग दर दुसऱ्या वीकेंडला त्या तळं न दिसणाऱ्या कॉटेजात जाऊ लागलो.

फेरी संपायची ती बर्फघरापाशी. तळ्याच्या अगदी काठाला लाकडाची एक उंच, खिडक्या नसलेली, रंग उडालेली इमारत. धान्याचं कोठार वाटावी अशी. फ्रिज नव्हते तेव्हा थंडीत तळ्यावरचा बर्फ करवतीनं कापायचे, त्याच्या लाद्या इथे रचायचे आणि लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे. भिंती दुहेरी, मधल्या पोकळीतही भुसा. वितळेल ते पाणी निघून जायला तळाशी एक नळी. जुलैत हॉटेलातले शेठ सरबतात जो बर्फ घालून प्यायचे तो फेब्रुवारीतला असायचा. "हॉटेलं जळली," काकू उलथणं फिरवून सांगत, "नाचाचा मंडप तळ्यात गेला, आगबोट भंगारात गेली. हे एवढंच राहिलं. कारण याच्याकडे बघावंसंच कुणाला वाटलं नाही."

आणि मग एके दिवशी ते डगला बघावंसं वाटलं.

डग म्हणजे गावच्या बोर्डाचा अध्यक्ष. त्याचं बोटींचं दुकान होतं. दार अडेल असा रुंद, मोठ्यानं हसणारा, माणूस म्हणून वाईट नव्हे. पण उन्हाळ्यात बोटींचे ट्रेलर उभे करायला गावात जागा उरत नव्हती, आणि बर्फघर गावच्या मालकीचं. ते पाडून तिथे पार्किंग करायचा ठराव आला. बोर्डाची दोन मतं पाडण्याच्या बाजूनं होती, दोन विरुद्ध. पाचवं डगचं.

सभेत काकू बोलणार होत्या आणि जुने फोटो पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी आयटीतला माणूस. मी लॅपटॉप जोडला, ऐटीत बटण दाबलं आणि पडद्यावर माझाच फोटो आला: भाचीच्या वाढदिवसाला पाठीवर परीचे पंख लावून केक कापतानाचा. गावच्या बोर्डानं तो बराच वेळ शांतपणे पाहिला. पाचही जण. मला बर्फघराचा फोटो सापडेपर्यंत त्यांना पंखांचे तीन अँगल पाहून झाले होते.

काकूंचं बोलून झाल्यावर डग हसत म्हणाला, "काकू, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण भुशात बर्फ जुलैपर्यंत टिकायचा, ही आजोबांची गोष्ट झाली. माझे आजोबा सांगायचे की त्यांनी या तळ्यात वासराएवढा मासा धरला होता."

सभा हसली.

"म्हणजे माझं खोटं आहे?"

"खोटं नाही हो. गोड आहे."

काकूंना 'गोड' हा शब्द वर्मी लागला. फेरीत कुणी कशाला 'क्यूट' म्हटलं तर त्या त्याला रांगेत मागे पाठवत. डगला मागे पाठवता येत नव्हतं. तो मात्र आणखी रंगात आला. "असं करा. चार जुलैला त्या खोपटात मला बर्फाचा एक तुकडा दाखवा. इथलाच, तुम्ही कापलेला. माझं मत तुमचं. तोवर पाडत नाही."

काकू उठल्या, पुढे गेल्या, त्याच्यासमोरचा माइक त्याच्या तोंडाजवळ सरकवला आणि म्हणाल्या, "यात परत म्हण."

त्यानं परत म्हटलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, आता?"

"आता माणसं आण."

"किती?"

"तुमच्या मराठी मंडळात गणपतीला जेवायला येतात तेवढी."

त्या वर्षी थंडी रुसली. डिसेंबर गेला, जानेवारी सरत आला, तळं नुसतं कडेला साय धरल्यासारखं. एरवी ज्या गावात बर्फावर ट्रक नेतात तिथे बदकं पोहत होती. काकू रोज सकाळी गमबूट घालून जात, बर्फाला भोक पाडून बोट घालत आणि मला फोन करत. "आज चार बोटं." "आज पाच, पण मऊ." वीतभर जाड झाल्याशिवाय त्यावर माणसं उतरवायची नाहीत, हे त्यांनी आणि हँकनं ठरवलं होतं. हँक हा ऐंशी ओलांडलेला शेतकरी. लहानपणी त्यानं हे काम पाहिलं होतं आणि त्याच्या गोठ्यात आजोबांच्या करवती अजून टांगलेल्या होत्या. काकूंशी त्याचं रोज भांडण आणि रोज कॉफी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. मी तो बंद करायला गेलो आणि स्पीकर चालू केला. "अरे, वीत झाली!" काकू ओरडल्या. "वीत झाली, वीत! थंडी आहे तोवर माणसं घेऊन ये!"

माझ्या मॅनेजरनं गंभीरपणे विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हणालो, "बर्फ जाड झालाय." त्यांनी मला दोन दिवस रजा दिली.

मंडळातली तीसेक माणसं आली. बरोबर बटाटेवड्यांचे ट्रे, चहाचे थर्मास आणि, कुणीतरी विचार करूनच आणलेला, एक नारळ. शुभ कामाला नारळ हवाच. मंडळातल्या एका काकांनी बर्फाला हळदकुंकू वाहिलं, 'मंगलमूर्ती' म्हणून नारळ दणकन आपटला. तो फुटला नाही. टप्पा खाऊन उडाला आणि गोठलेल्या तळ्यावरून जो घसरत सुटला तो थांबेचना. आम्ही तीसजण नुसते त्याच्याकडे बघत राहिलो. दूरवर एक माणूस बर्फाला भोक पाडून मासे पकडत बसला होता. नारळ थेट त्याच्या स्टुलापाशी जाऊन थांबला. त्यानं तो उचलला, चारी बाजूंनी पाहिला आणि एवढं अंतर चालत येऊन परत दिला. "तुमचा बॉल," तो म्हणाला.

काम सुरू झालं. हँक करवतीनं आखून द्यायचा, आमची पोरं कापायची, लाद्या पाण्यातून तरंगत काठापर्यंत यायच्या आणि तिथून फळ्यांच्या चढावरून दोरानं ओढत बर्फघरात. आत काकू. "घट्ट लाव! फट ठेवू नकोस! लोकरीची शाल गुंडाळल्यासारखा भुसा बसला पाहिजे!"

चढावर लोक घसरत होते. आता, शॉमबर्गमध्ये राहणाऱ्या माणसाला घसरडं काही दिसलं की त्याचा हात आपोआप डिकीकडे जातो. डिकीत मिठाची गोणी असते. ड्राइव्ह-वेवर टाकायची. मी कुणाला न विचारता गोणी काढली आणि अख्ख्या चढावर मुक्तहस्ते मीठ पेरलं. एकदोघांनी पाठ थोपटली. मला वाटलं, चला, आपलाही वाटा.

लाद्यांचा दुसरा थर लागत होता तेव्हा काकूंनी एका लादीवरून हात फिरवला आणि त्या थबकल्या. मग, आमटी चाखावी तसं, त्यांनी बोट जिभेला लावलं.

"कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, लोक घसरत होते, म्हणून मी जरा..."

"मीठ? बर्फाला?" काकूंचा आवाज अगदी हळू झाला. त्यांचा आवाज हळू झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "अरे, बर्फ जुलैपर्यंत टिकवायचाय आणि तू आजच आइस्क्रीम करायला निघालास?"

रचलेले थर बाहेर काढावे लागले. खारट झालेला भुसा फेकला, फळ्या उलट्या केल्या, सगळं पुन्हा पहिल्यापासून. वडे गार झाले. मंडळातल्या माणसांनी माझ्याशी बोलायचं सोडलं. हँक फक्त एवढंच म्हणाला, "आमचा घोडा हे काम वीस वर्षं करत होता. त्यानं कधी असं केलं नाही."

सूर्य बुडता बुडता शेवटची लादी आत गेली. वर हातभर भुसा पसरून काकूंनी दार लावलं, कुलूप घातलं आणि सगळ्यांना बजावलं, "हे मोदकपात्र आहे. मधे झाकण उघडलं की मोदक फुटतात. चार जुलैपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही."

मी हात लावला नाही. मी फक्त सेन्सर लावला. दार बंद होण्याआधी, पश्चात्ताप म्हणून, तापमान मोजणारा एक सेन्सर गुपचूप आत चिकटवला होता. तो माझ्या फोनवर आकडे पाठवी. एप्रिल, मे बरे गेले. जूनच्या कडक उन्हाळ्यात एका दुपारी फोननं बोंब ठोकली. आत भट्टी पेटल्यासारखा आकडा. मी ऑफिसमधून उठलो आणि गाडी हाणत तळ्यावर गेलो.

दारासमोर, छत्री उघडून, घडीच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या.

"काकू, दार उघडा! सगळं वितळतंय! हे बघा!"

काकूंनी फोन हातात घेतला. "हे यंत्र कुठे लावलंस?"

"आत. वर, छताला."

"गरम हवा कुठे जाते?"

"...वर."

"इंजिनियर ना तू?"

"हो."

"कुठल्या कॉलेजचा? नको, राहू दे. कॉलेजची अब्रू कशाला घालवतोस." मग त्यांनी मला इमारतीच्या मागे नेलं. नळीच्या तोंडाशी त्यांनी एक स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. त्यात टप, टप, थेंब पडत होते. "पाणी गळतंय म्हणजे आत बर्फ आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची."

त्या उन्हाळ्यात सगळं गाव ते पातेलं बघून जात होतं. डगसुद्धा. दुकान उघडायच्या आधी तो तिकडून एक चक्कर मारायचा, वाकून बघायचा आणि जायचा.

तीन जुलैला सकाळी काकूंचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "थेंब थांबला."

मी पोचलो तेव्हा पातेलं कोरडं होतं. नळी कोरडी. काकू खुर्चीत बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्या मला ठेंगण्या वाटल्या. पार्किंगची आखणी करायला माणसं पाच तारखेला येणार, हे बोर्डानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"संपला असेल का रे?"

आत काय उरलं होतं, देव जाणे. पण माझ्याकडे कल्पना नेहमी असते. "काकू," मी इकडेतिकडे बघत म्हणालो, "गॅस स्टेशनवर बर्फाच्या पिशव्या मिळतात. किल्ली तुमच्याकडेच आहे. चारपाच पिशव्या भुशात पुरल्या, तर उद्या एक तुकडा..."

काकू उभ्या राहिल्या. ठेंगणेपणा कुठल्या कुठे गेला. "इतिहासात भेसळ?" उलथणं माझ्या नाकासमोर आलं. "आत काही नसेल तर उद्या मी सगळ्यांसमोर सांगेन, की डग, तुझं बरोबर होतं. मान खाली घालून सांगेन. पण गॅस स्टेशनचा बर्फ? माझ्या बर्फघरात? चालता हो!"

मी चालता झालो. मीनलला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू काकूंना हे म्हणालास? काकूंना?" आणि माझा त्या दिवशीचा दुसरा फोन तिनं उचलला नाही.

चार जुलैला स्वातंत्र्यदिनाची परेड संपली आणि अख्खं गाव, हातातले झेंडे, घड्या घातलेल्या खुर्च्या आणि खांद्यांवरची पोरं घेऊन बर्फघराकडे लोटलं. आमचं मंडळही आलं होतं. काकू पैठणी नेसल्या होत्या. खाली गमबूट. किल्ली मुठीत. डगनं फावडं घेतलं. "मीच खणणार," तो म्हणाला, "उगाच नंतर कुणी काही म्हणायला नको."

हा क्षण जगाला दाखवायची जबाबदारी मी आपणहून घेतली होती. फोन उंच धरून मी लाइव्ह सुरू केलं. कुलूप निघालं. दार कुरकुरलं. आतून लाकडाचा वास आला आणि काळोख. डगनं पहिलं फावडं मारलं. कोरडा भुसा. दुसरं. कोरडा. तो खणत गेला, घाम पुसत गेला, आणि कोरडाच भुसा येत गेला. मागे कुणीतरी खोकलं. डगनं काकूंकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही हरायचंच होतं.

"खण," काकू म्हणाल्या.

त्यानं खणलं. भुसा जरा काळपट निघाला. मग ओला. आणि मग फावडं कशावर तरी आपटलं.

टण्!

डग गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी भुसा बाजूला सारला. खाली, गुळगुळीत, निळसर, आमच्या करवतीच्या खुणा अंगावर तशाच असलेली लादी. तिच्याशेजारी दुसरी. तिच्याशेजारी तिसरी. थरच्या थर. त्यानं लादीवर हाताचा पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग तो ओरडला, "सोळा आणे!" म्हणजे इंग्रजीत जे ओरडला त्याला मराठीत हेच म्हणता येईल, त्याचे शब्द पोरांसमोर सांगण्यासारखे नाहीत. वितळलेल्या पाण्याबरोबर भुसा जाऊन नळी तुंबली होती, एवढंच झालं होतं.

जे काही झालं त्याला गोंधळ म्हणायचा की उत्सव, मला माहीत नाही. हँक टोपी हवेत उडवत होता. बँडवाले परत वाजवायला लागले. आमच्या मंडळातले काका डगला मिठी मारत होते आणि डगचे हात त्यांच्याभोवती दोनदा पुरत होते. गावच्या आज्या पोरांचे हात धरून लादीवर टेकवत होत्या आणि पोरं किंचाळत होती. डगनं तिथेच, भुशानं माखलेला, माइक मागवून सांगितलं की त्याचं मत बर्फघराला. आणि पाडायला निघालेले दोघेही म्हणाले, की मग आमचंही.

सगळे काकूंकडे वळले. "स्पीच! स्पीच!" काकूंनी हात वर केला. गाव शांत झालं.

"दार लावा आधी!" काकू कडाडल्या. "गार हवा चाललीय सगळी!"

आणि सबंध गाव, बोर्डासकट, दार लावायला धावलं.

हँकनं आणि काकूंनी आपापले आइस्क्रीमचे हातानं फिरवायचे लाकडी पॉट आणले होते. डब्यातल्या आंब्याच्या रसाचं आइस्क्रीम झालं. पॉटचं हँडल फिरवायची शिक्षा अर्थातच डगला. भोवती बर्फात मीठ घालायचं काम काकूंनी मला दिलं. "आता घाल," त्या म्हणाल्या, "आता तुझीच वेळ आहे." मी घातलं. मीनल हसत होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

माझा लाइव्ह व्हिडिओ काकूंनी सोसायटीत लावला आहे. फोन मी उलटा धरला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात फक्त माझा चेहरा आहे: तोंड उघडं, भुवया चढत चाललेल्या, आणि मागून आवाज येतो तो 'टण्'चा. बर्फ कुठेच दिसत नाही. काकू पर्यटकांना सांगतात, "बर्फ आत जाऊन बघा. इथे फक्त साक्षीदार आहे."

पुढे माझी नोकरी बदलली, आम्ही दूर दक्षिणेत अर्विंगला आलो. काकू तिथेच आहेत. बर्फघराला नवा रंग आहे आणि ट्रेलर दुसरीकडे उभे राहतात. पण शॉमबर्ग सोडायच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता. हॉलमध्ये गर्दी, आरतीची तयारी चालली होती. तेवढ्यात दार उघडून डग आणि हँक आत आले, दोघांच्या मधे एक भलंमोठं खोकं, आणि मागे गमबुटांशिवाय, चक्क चपला घातलेल्या काकू. खोक्यात भुसा होता. भुशाखाली एक लादी, झिजलेली, पण लादीच. काकूंनी ती मोठ्या परातीत ठेवायला लावली आणि त्यावर नैवेद्याच्या कोकम सरबताचं पातेलं चढवलं.

पुण्याहून नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी हात लावून म्हणाली, "काकू, हा बर्फ कुठून आणलात?"

आरतीची घंटा हातात घेतलेल्या काकांनी डोळे मिटले. त्यांना काकू माहीत होत्या.

"बस," काकू त्या मुलीला म्हणाल्या. मग हॉलकडे वळून, "सगळेच बसा." डगनं खुर्ची ओढली. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण ही गोष्ट कुठून सुरू होणार आणि कुठे टाळ्या वाजवायच्या, ते त्याला पाठ होतं.

आरतीला चांगलाच उशीर झाला. कुणी तक्रार केली नाही. समोर गणपती होता, त्याच्यापुढे सरबत होतं, आणि सरबताखाली, परातीत, फेब्रुवारी महिना अजून थंडगार बसला होता.